सेलच्या झाकणाची किंमत

निंटेंडो कंपनीच्या ‘गेम अँड वॉच’ या खेळाच्या डबीत बटणासारखे चपटे सेल बसतात आणि त्यांच्यावर नखाएवढं प्लास्टिकचं झाकण असतं. १९८० च्या दशकात जगभरातल्या मुलांनी सेल बदलताना ती झाकणं हरवली. कुणाच्या गादीखाली गेली, कुणाच्या केराच्या टोपलीत. आज जुने हातातले व्हिडिओ गेम जमवणाऱ्यांच्या बाजारात नेमकं तेच झाकण सुटं विकलं जातं. त्याच्या हुबेहूब नकला निघतात आणि नकला निघतात म्हणून अस्सल झाकणाचा भाव आणखी चढतो. टीव्हीच्या रिमोटचं झाकण हरवलं तर आपण रबरबँड गुंडाळून वर्षानुवर्षं काम भागवतो. संग्राहकाचं तसं भागत नाही. डबी चालते का, हे विचारण्याआधी तो ती उलटी करून बघतो.

हा छंद यंत्रांचा आहे असं वरवर वाटतं. पण यंत्रं भरपूर आहेत, कोट्यवधी निघाली आणि त्यांतली बरीचशी अजून शाबूत आहेत. भाव चढतो तो त्यांच्याबरोबर आलेल्या आणि त्याच दिवशी फेकून दिलेल्या गोष्टींचा: पुठ्ठ्याचं खोकं, आतला थर्मोकोलचा साचा, घडी घातलेलं माहितीपत्रक, पडद्यावर चिकटवलेली पारदर्शक फिल्म. खिशातल्या खेळांचा इतिहास सांगायचा तर यंत्रं आणि ही अडगळ दोन्ही बरोबर घ्यावी लागतात.

सुरुवात जपानमध्ये झाली नाही, अमेरिकेत झाली. मॅटेल ही बाहुल्या-खेळणी बनवणारी कंपनी. तिने १९७६ साली ‘ऑटो रेस’ आणि पाठोपाठ १९७७ साली ‘फुटबॉल’ हे खेळ काढले. आत रॉकवेल कंपनीची, मुळात कॅल्क्युलेटरसाठी बनवलेली चिप होती. खेळाडू म्हणजे लाल दिव्याच्या बारीक रेघा. एक रेघ आपली, बाकीच्या शत्रूच्या. चित्र म्हणावं असं काही नव्हतं, तरी ‘फुटबॉल’ने धुमाकूळ घातला. १९७९ मध्ये मिल्टन ब्रॅडली या कंपनीने ‘मायक्रोव्हिजन’ आणला. जे स्मिथ यांनी रचलेलं हे यंत्र खरं तर काळाच्या पुढचं होतं, कारण त्यात कार्ट्रिज बदलून वेगवेगळे खेळ खेळता येत. गंमत म्हणजे यंत्रात प्रोसेसर नव्हताच, तो प्रत्येक कार्ट्रिजमध्ये वेगळा असे. पडदा १६ बाय १६ ठिपक्यांचा.

मायक्रोव्हिजन जमवणारा संग्राहक मात्र सतत धास्तावलेला असतो. त्या काळातल्या एलसीडी पडद्यांचं सील कच्चं होतं. वर्षं गेली तसे ते पडदे आतून काळवंडत गेले आणि या काळवंडण्यावर इलाज नाही. शिवाय हाताला साठलेल्या स्थिर विजेच्या एका चटक्याने कार्ट्रिजमधली चिप जळू शकते. लोकरी स्वेटर घालून बसलेल्या मुलाने खेळ सुरू करायचा आणि खेळ कायमचा बंद पडायचा, असे हे दिवस. दोन वर्षांत, १९८१ मध्ये, मायक्रोव्हिजनचं उत्पादन थांबलं. आज पेटीबंद मायक्रोव्हिजन मिळाला तरी तो चालेल याची हमी नाही. किंबहुना न वापरता ठेवलेला पडदाही तितकाच काळा पडतो. जपून ठेवलं की टिकतं, हा संग्राहकाचा लाडका समज इथे कामाला येत नाही.

आता क्योतो. तिथे १८८९ मध्ये फुसाजिरो यामाउची यांनी फुलांची चित्रं असलेले ‘हानाफुदा’ पत्ते बनवायला सुरुवात केली, तीच पुढची निंटेंडो. १९६५ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला गुनपेई योकोई नावाचा एक तरुण तिथे नोकरीला लागला. काम काय, तर पत्ते छापणाऱ्या यंत्रांची देखभाल. काम कमी आणि वेळ भरपूर, म्हणून त्याने लेथवर स्वतःच्या करमणुकीसाठी लांबवर पसरणारा एक लाकडी चिमटा बनवला. कंपनीचे प्रमुख हिरोशी यामाउची यांनी ते पाहिलं. कामाच्या वेळेत खेळणी करतोस म्हणून हाकलून देण्याऐवजी, हेच विकायला काढ, असं त्यांनी सांगितलं. १९६६ चा ‘अल्ट्रा हँड’ लाखोंनी खपला आणि योकोई देखभालीतून कायमचा सुटला.

पुढची हकिकत योकोईंनीच सांगितलेली आहे. शिंकान्सेन या वेगवान रेल्वेत एक कंटाळलेला नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला त्यांना दिसला. मोठ्या माणसाला चारचौघांत लाज न वाटता खेळता येईल असं छोटं काहीतरी हवं, असं त्यांच्या मनात आलं. पण मनात आलेलं साहेबांपर्यंत पोहोचायला निमित्त लागतं. ते असं मिळालं: यामाउचींचा चालक आजारी पडला. त्यांची मोटार परदेशी, डाव्या हाताला चाक असलेली. तशी गाडी चालवता येणारा माणूस म्हणून योकोईंना ती ओसाकाला न्यायला सांगितलं. मी इंजिनिअर आहे, ड्रायव्हर नाही, हा सल मनात असल्यामुळे निदान कामाचं काही बोलावं म्हणून त्यांनी वाटेत ही कल्पना सांगितली. यामाउचींनी ‘हं’ केलं आणि विषय तिथेच राहिला. पण ओसाकाच्या बैठकीत त्यांच्या शेजारी शार्प कंपनीचे अध्यक्ष बसले होते. कॅल्क्युलेटर इतके स्वस्त झाले होते की शार्पला आपल्या एलसीडी पडद्यांसाठी नवं गिऱ्हाईक हवंच होतं. काही दिवसांनी शार्पची वरिष्ठ मंडळी निंटेंडोच्या दारात उभी राहिली.

२८ एप्रिल १९८० रोजी ‘बॉल’ बाजारात आला. किंमत ५,८०० येन. एक माणूस चेंडू झेलतो आणि उडवतो, एवढाच खेळ. या पडद्यावर ठिपके नव्हते. प्रत्येक हात, प्रत्येक पाय, चेंडूची प्रत्येक जागा काचेत आधीच कोरलेली. चिप फक्त ती दाखवायची किंवा लपवायची. डबी उन्हात तिरकी धरली की खेळातल्या सगळ्या जागा एकाच वेळी फिकट दिसतात, पुढे काय काय होऊ शकतं ते सगळं एकदम. कोपऱ्यात घड्याळ होतं, म्हणून नाव ‘गेम अँड वॉच’. योकोईंच्या विचारपद्धतीला त्यांनीच नाव दिलं होतं: सुकलेल्या तंत्रज्ञानाचा आडवा विचार. म्हणजे नवं, महागडं तंत्र घ्यायचं नाही. जे जुनं, स्वस्त आणि सगळ्यांच्या हाताखालून गेलेलं आहे, त्याचा कुणी न केलेला उपयोग शोधायचा.

१९९१ पर्यंत अशा ६० डब्या निघाल्या आणि जगभरात ४ कोटी ३४ लाख खपल्या. त्यांतल्या ३ कोटींहून अधिक जपानबाहेर. १९८२ च्या ‘डाँकी काँग’ या दोन पडद्यांच्या, पुस्तकासारख्या मिटणाऱ्या डबीवर योकोईंनी अधिकच्या चिन्हासारखं एक बटण बसवलं. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक गेमच्या कंट्रोलरवर डाव्या अंगठ्याखाली असतं, ते हेच.

साठपैकी एकोणसाठ दुकानांत मिळाल्या, साठावी विकलीच गेली नाही. १९८७ मध्ये निंटेंडोने जपानमध्ये मोटारशर्यतीच्या खेळाची स्पर्धा घेतली आणि बक्षीस म्हणून ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची खास डबी दिली. फ्लॉपी डिस्कसारख्या दिसणाऱ्या बाहुल्याच्या आकाराच्या पिवळ्या प्लास्टिक पेटीत ती येई. अशा १०,००० बनल्या. संग्राहकांच्या यादीत हीच सर्वांत शेवटी येते, आणि बहुतेकांच्या बाबतीत येतच नाही. डबी मिळते, पिवळी पेटी मिळत नाही. मुलांनी काय जपलं आणि काय उडवून लावलं, याचा हिशेब इथेही तोच.

या डब्यांची सगळ्यांत मजेशीर पिल्लं निघाली सोव्हिएत संघात, परवानगी न घेता. निंटेंडोच्या १९८१ च्या ‘एग’ या खेळात चार बाजूंनी घरंगळत येणारी अंडी झेलायची असत. सोव्हिएत कारखान्यांनी ‘एलेक्त्रोनिका’ या छापाखाली तोच खेळ जसाच्या तसा काढला, फक्त टोपली दिली ‘नू, पगदी!’ या तिथल्या अतिशय आवडत्या कार्टूनमधल्या लांडग्याच्या हातात. किंमत २५ रूबल. तिथल्या शाळांमध्ये एक अफवा पसरली: १,००० गुण झाले की पडद्यावर पूर्ण कार्टून दिसतं. काचेत आधीच कोरलेल्या आकृत्यांच्या पडद्यावर ते शक्यच नव्हतं. तरी एका अख्ख्या पिढीने त्या कार्टूनसाठी अंडी झेलली आणि हजार होऊन आकडा पुन्हा शून्यावर आला की ‘माझंच कुठेतरी चुकलं’ असं म्हणून पुन्हा सुरुवात केली. या लांडग्याची डबी आज निंटेंडोच्या संग्राहकालाही हवी असते. नक्कल असली तरी तिला तिचा स्वतःचा इतिहास आहे.

२१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये ‘गेम बॉय’ आला, १२,५०० येनांना. योकोई आणि सातोरू ओकादा यांच्या विभागाने तो बनवला. राखाडी ठोकळा, हिरवट पडदा, चार छटा, १६० बाय १४४ ठिपके, मागे चार पेन्सिल सेल. पडद्याला स्वतःचा दिवा नाही, म्हणजे अंधारात खेळ बंद. त्याच वर्षी अमेरिकेत अटारीने रंगीत, दिवा असलेला ‘लिंक्स’ काढला. १९९० मध्ये सेगाचा रंगीत ‘गेम गिअर’ आला. कागदावर मांडलं तर गेम बॉय हरायलाच हवा होता. पण गेम गिअर सहा सेल तीन ते पाच तासांत खाऊन टाकी आणि गेम बॉय चारांवर पंधरा तास सहज काढी. प्रतिस्पर्ध्याचा पडदा रंगीत आहे हे कळल्यावर योकोई घाबरले नाहीत, उलट निर्धास्त झाले. सेलचा खर्च आईवडील करतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि मग ‘टेट्रिस’. मॉस्कोत सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये हा खेळ रचला होता. फेब्रुवारी १९८९ मध्ये हेंक रॉजर्स नावाचे एक व्यावसायिक पर्यटक व्हिसावर मॉस्कोत उतरले, सरकारी कार्यालय शोधत एलोर्ग या संस्थेत पोहोचले आणि हातातल्या यंत्रांसाठीचे हक्क निंटेंडोच्या पदरात पाडून आले. अमेरिकेत गेम बॉयच्या खोक्यातच टेट्रिसचं कार्ट्रिज दिलं गेलं. त्यामुळे जी यंत्रं लहान मुलांसाठी घेतली गेली ती रात्री आईच्या उशाशी सापडू लागली. गेम बॉय आणि त्याचा रंगीत धाकटा भाऊ मिळून ११ कोटी ८६ लाखांहून अधिक खपले.

इतकी मुबलक वस्तू दुर्मीळ कशी होणार? तिच्याबाबतीत काही घडावं लागतं. १९९३ मध्ये रशियन अंतराळवीर अलेक्सांद्र सेरेब्रोव टेट्रिससह आपला गेम बॉय ‘मीर’ स्थानकावर घेऊन गेले. २०११ मध्ये बॉनहॅम्सच्या लिलावात तोच गेम बॉय १,२२० डॉलरना गेला. पृथ्वीला हजारो प्रदक्षिणा घातलेल्या वस्तूसाठी ही रक्कम फारच माफक होती. त्याच काळात काही दुर्मीळ कार्ट्रिजेसना याहून जास्त पैसे मिळत होते, यावरून या बाजाराची अक्कल कळावी. दुसरा गाजलेला गेम बॉय आखाती युद्धातला. बॉम्बहल्ल्यात त्याचं प्लास्टिक वितळून फुगलं, बटणं करपली, तरीही सेल घातल्यावर तो चालू झाला. निंटेंडोने तो आपल्या न्यूयॉर्कच्या दुकानात काचेच्या पेटीत ठेवला आणि त्याच्या पडद्यावर टेट्रिस वर्षानुवर्षं चालू राहिला.

लोक आपल्या वस्तू जमवतात हे कंपनीच्या लक्षात यायला १९९५ उजाडलं. ‘प्ले इट लाउड’ या नावाने लाल, पिवळे, हिरवे, पारदर्शक गेम बॉय निघाले. ब्रिटनमध्ये तर मँचेस्टर युनायटेडचं चिन्ह छापलेला लाल गेम बॉय आला. यंत्र तेच, फक्त कवच वेगळं. मग २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये पोकेमॉनचे ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ हे दोन खेळ आले आणि जमवणं हाच खेळ झाला. लहानपणी किडे पकडत हिंडणाऱ्या सातोशी ताजिरी यांना गेम बॉय जोडणाऱ्या केबलमधून किडे एका यंत्रातून दुसऱ्यात जाताना दिसले होते. दोन खेळांपैकी एकात न मिळणारे प्राणी दुसऱ्यात मिळत. सगळे हवे असतील तर मित्र हवा आणि केबल हवी. एप्रिल १९९८ मध्ये टोकियोत पहिलं पोकेमॉन सेंटर उघडलं. पेन्सिलीपासून उशीपर्यंत सगळ्यावर पोकेमॉनमधला प्राणी पिकाचू आला, मग पिवळ्या ‘गेम बॉय कलर’वरही आला.

तिथून पुढचा माल संग्राहकासाठीच बनू लागला आणि खरं सांगायचं तर त्यातली गंमत थोडी कमी झाली. ‘मर्यादित आवृत्ती’ असं खोक्यावर छापलेलं असलं की घेणारा ते उघडतच नाही. त्याचे कोपरे झिजत नाहीत, त्यावर कुणाचं नाव खरवडलेलं नसतं. ज्या गेम बॉयच्या सेलच्या झाकणावर एखाद्या मुलाने टोकदार खिळ्याने आपल्या वर्गाची तुकडी कोरली आहे, त्याच्याकडून कळण्यासारखं पुष्कळ असतं. बाजारभाव मात्र उलटा.

अडगळीत खरी मजा आहे ती जोडसामानाची. पडद्यावर बसवायची भिंगं आणि दिवे तर होतेच. १९९८ मध्ये गेम बॉयला कॅमेरा आला आणि पावतीसारख्या कागदावर ते फोटो छापणारा प्रिंटरही. बँडाईने त्याच वर्षी ‘पॉकेट सोनार’ काढला. तो तळ्यात सोडायचा आणि पाण्याखाली मासा कुठे आहे ते गेम बॉयवर बघायचं. २००० साली सिंगरने ‘आयझेक’ हे शिवणयंत्र विकलं. त्याला गेम बॉय जोडला की टाक्यांचा नमुना गेम बॉयवर निवडायचा आणि मशीन शिवायचं.

‘वर्कबॉय’ची कथा या सगळ्यांहून वेगळी. छोटा कीबोर्ड, डायरी, पत्ते, चलनाचे भाव, जगाची घड्याळं अशी सगळी कचेरी गेम बॉयवर आणणारं हे जोडसामान १९९२ मध्ये अमेरिकेतल्या व्यापारी प्रदर्शनात दाखवलं गेलं आणि मग बाजारात आलंच नाही. अठ्ठावीस वर्षांनी, २०२० मध्ये, एका ब्रिटिश गेम-इतिहासकाराने माग काढत काढत फॅबटेक या कंपनीचे संस्थापक फ्रँक बलूझ गाठले. त्यांच्याकडे एक नमुना शिल्लक होता, पण कार्ट्रिजशिवाय तो मुका. योगायोगाने त्याच वर्षी निंटेंडोच्या अंतर्गत फायली फुटून बाहेर आल्या होत्या आणि त्यांत वर्कबॉयचा प्रोग्रॅमही होता. तो कार्ट्रिजवर उतरवला आणि यंत्र जागं झालं. कंपनीच्या इतिहासाचा एक तुकडा माणसाच्या घरात, दुसरा चोरीच्या फायलीत! या क्षेत्रातला इतिहास बहुतांशी असाच सापडतो.

योकोईंच्या वाट्याला शेवट चांगला आला नाही. १९९५ चा त्यांचा लाल पडद्याचा ‘व्हर्च्युअल बॉय’ साफ आपटला. वर्षाच्या आत तो गुंडाळला गेला आणि म्हणूनच आज तो संग्राहकांना हवाहवासा वाटतो. ऑगस्ट १९९६ मध्ये त्यांनी निंटेंडो सोडली आणि ‘कोतो’ नावाची स्वतःची छोटी कंपनी काढली. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी होकुरिकू महामार्गावर त्यांच्या मोटारीचा अपघात झाला. खाली उतरून काय झालं ते बघत असताना दुसऱ्या गाडीने त्यांना उडवलं. वय ५६. त्यांच्या कंपनीच्या मदतीने बँडाईने केलेला ‘वंडरस्वान’ मार्च १९९९ मध्ये आला. एका पेन्सिल सेलवर चालणारा. त्याच्याबरोबरच्या कोड्याच्या खेळाला ‘गुनपे’ हे नाव दिलं होतं.

आज या वस्तू मिळतात कुठे? टोकियोच्या अकिहाबारामधलं ‘सुपर पोटॅटो’ पर्यटकांनी इतकं गाजवलं आहे की तिथे स्वस्त काही उरलेलं नाही. जाणकार जपानी शहरांच्या कडेच्या ‘हार्ड ऑफ’ या जुन्या मालाच्या दुकानांत जातात. तिथे ‘जंक’ असं लिहिलेल्या खोक्यांमध्ये न तपासलेली यंत्रं ढिगाने पडलेली असतात. चाललं तर तुमचं नशीब, परत मात्र घेणार नाहीत. आणि इंटरनेटवरचे लिलाव आहेतच. २०२०-२१ च्या महासाथीत घरी अडकलेल्या लोकांना आपलं बालपण आठवलं आणि भाव भडकले. सीलबंद खोकी प्लास्टिकच्या कठीण पेटीत घालून त्यांना दर्जाचे आकडे देणाऱ्या कंपन्यांचं फावलं. जुलै २०२१ मध्ये ‘सुपर मारिओ ६४’चं एक सीलबंद कार्ट्रिज १५ लाख ६० हजार डॉलरना गेलं. ते घरगुती यंत्राचं होतं, पण त्या बातमीने खिशातल्या खेळांचे विक्रेतेही हवेत गेले. कधीही न खेळल्या जाणाऱ्या खेळाला एवढी रक्कम देणाऱ्याला संग्राहक म्हणावं की सट्टेबाज, हे ज्याचं त्याने ठरवावं. या लेखकाचं मत दुसऱ्या बाजूला झुकतं.

जिथे पैसा तिथे नक्कल. पोकेमॉनची खोटी कार्ट्रिजेस सर्रास विकली जातात. ओळखायची कशी? नंतरच्या ‘गेम बॉय अ‍ॅडव्हान्स’ या यंत्राचं अस्सल कार्ट्रिज उलटं धरलं की खालच्या पितळी दातांच्या वर हिरव्या पाटीवर निंटेंडोचं नाव बारीक अक्षरांत दिसतं. आणि वरचं लेबल उजेडात तिरकं धरलं की कारखान्यात ठोकलेला दोन आकड्यांचा ठसा कागदात खोलगट उमटलेला दिसतो. नकलेत लेबल चकचकीत, रंग भडक आणि ठसा नसतो. जुन्या पोकेमॉन कार्ट्रिजमध्ये खेळ साठवणारा एक नाण्यासारखा सेल असतो, तो आता संपत आला आहे. तो संपला की पंचवीस वर्षांपूर्वी पकडलेला पिकाचू जातो. सेल बदलता येतो, पण काढताक्षणी जुना साठा पुसला जातो. त्यामुळे ‘अजून जिवंत असलेला सेल बदलावा की राहू द्यावा’ यावर संग्राहक तावातावाने भांडतात.

दुरुस्तीचं एक काम मात्र पाहण्यासारखं असतं. पहिल्या गेम बॉयच्या पडद्यावर उभ्या रेघा गायब होतात, म्हणजे टेट्रिसचे ठोकळे मधूनच कापल्यासारखे दिसतात. काच आणि पाटी जोडणाऱ्या पातळ पट्टीचा चिकटा सैल झालेला असतो. मग तीन पात्यांचा खास पेचकस लावून मागचे स्क्रू काढतात, पुढचा भाग उचलतात, पडद्याखालची रबराची पट्टी बाजूला करतात आणि यंत्र चालू ठेवूनच गरम सोल्डरिंग आयर्न त्या पातळ पट्टीवरून हलकेच, न दाबता, आडवं फिरवतात. टोक जसं सरकतं तशा एकेक करून रेघा परत येतात. हात जरा रेंगाळला की पट्टी जळते आणि पडदा कायमचा जातो. पिवळ्या पडलेल्या राखाडी कवचावरही २००८ च्या सुमारास इलाज निघाला: हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवायचं. गेम गिअरवाल्यांना तर कपॅसिटर बदलण्यावाचून गत्यंतर नाही. त्या काळातले कपॅसिटर आतून गळतात, आवाज आणि चित्र दोन्ही जातात. रंगीत पडद्याचा तोरा मिरवणारं यंत्र आज दुरुस्तीशिवाय बोलत नाही आणि सुकलेल्या तंत्रज्ञानाचा राखाडी ठोकळा जंकच्या खोक्यातून निघून चालू होतो. योकोईंचा हिशेब बरोबर ठरला, त्यांनी केला होता त्याहून जास्त काळासाठी.

निंटेंडोने आता स्वतःचं संग्रहालय उघडलं आहे. क्योतोजवळ उजी इथे, जिथे एकेकाळी पत्ते बनत त्या जुन्या कारखान्यात, २ ऑक्टोबर २०२४ पासून ते लोकांसाठी खुलं झालं. त्याआधी नोव्हेंबर २०२० मध्ये कंपनीने ‘गेम अँड वॉच’ नव्याने काढला. आत सुपर मारिओ आहे आणि ‘बॉल’ही आहे. पण सेल आतच बंद आणि चार्जिंग केबलने. झाकण नाही.

महाराष्ट्रात हा सगळा इतिहास फार थोड्या घरांत, तोही परदेशातून आलेल्या नातेवाइकांच्या बॅगेतून पोहोचला. आपल्याकडच्या बहुतेकांचा पहिला खिशातला खेळ म्हणजे नव्वदच्या दशकातला चिनी ‘ब्रिक गेम’: दोन पेन्सिल सेल, दहा बाय वीस चौकोनांचा पडदा आणि वर मोठ्या अक्षरांत ‘९९९९ इन १’. प्रत्यक्षात खेळ मोजकेच, वेग आणि पातळी बदलून आकडा फुगवलेला. आत पाजित्नोव यांचं टेट्रिसच होतं, पैसे न देता उचललेलं. जत्रेत, खेळण्यांच्या दुकानात, रस्त्याकडेच्या गाड्यावर तो मिळे. त्यावर बनवणाऱ्याचं नाव बहुधा नसेच, खोक्यावर मात्र चित्रं, आकडे आणि कधी कधी दुकानदाराने चिकटवलेली किंमत असे. लाखो मराठी मुलांनी जो खेळ प्रत्यक्षात खेळला, त्याचा तेवढाच लेखी पुरावा.

तेव्हा दिवाळीत माळा आवरताना असा एखादा डबा हाती लागला, तर चालतो का ते बघण्याआधी त्यातले सेल काढा. गळलेला सेल पितळी पट्टी खातो. पट्टीवर पांढरी बुरशी दिसली तर कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा आणि कोरडी करा. आणि खोकं उरलं असेल, तर किमतीच्या चिठ्ठीसकट ठेवून द्या. रद्दीत घालू नका.